तुळईचा कासरा

म्हसवडकडच्या आमच्या माळवदाच्या घरात मधल्या सोप्याच्या तुळईला एक कासरा कायम लोंबत असे. आम्ही चुलत भावंडं त्याला झोके घ्यायचो आणि आजी वसकन अंगावर यायची, "उतर खाली! तुझी आय त्याला धरून मोकळी झालीया."

कळा सुरू झालेल्या बाईला आजी बाजेवर टेकू द्यायची नाही. "पडून कळा जिरत्यात." सोप्यापासून परसापर्यंत येरझाऱ्या. कळ आली की मेढीला मिठी, ओसरली की पुन्हा चाल. शेवटी कासरा दोन्ही हातांत धरून उकिडवं बसायचं, मागून एखाद्या जावेनं पाठीला गुडघा द्यायचा, पुढं सुईण. मधली काकू ७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावरनं कळा देतच चालत घरी आली. घरी पोचेतो निम्मं काम झालं होतं, असं ती सांगे.

त्या दिवसांचे गोडवे गाणारे मला आवडत नाहीत. नाळ विळ्यानं कापायची. आजीची दोन पोरं आठवड्याच्या आतबाहेर आखडून गेली. ती म्हणे सटवाईनं नेली. तो धनुर्वात होता, हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळलं.

धाकट्या काकूच्या वेळी दवाखाना आला आणि सोबत लोखंडी टेबल आलं. "पाय वर बांधून उताणं टाकलं, झुरळागत," ती अजून सांगते. उताणं झोपलं की गर्भाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, आणि बाळाला खाली सरकायला वजनाची मदतही मिळत नाही. पण डॉक्टरला बघायला सोयीचं पडतं.

आमच्यातली एक पुढं नर्स झाली. गेल्या दिवाळीत तिनं सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली लिहून ठेवलंय, जोखीम नसेल तर बाईला हिंडू-फिरू द्या, ताठ राहू द्या; कळा द्यायच्या वेळीही तिला हवं तसं बसू द्या. त्याआधी २०१३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेनं बऱ्याच चाचण्या एकत्र मांडल्या होत्या. चालत्या-बसत्या बायकांचा कळांचा पहिला टप्पा पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटं लवकर आटोपला होता.

धाकटी काकू करंजीला मुरड घालत होती. हात थांबला.

"म्हंजे माझं दीड तास गेलं की गं फुकट," ती म्हणाली, आणि पुढची लाटी घेतली.