मतपत्रिकेवरचा पँथर

सध्या भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटलेय: दलित पँथरमधला तो पँथर मुळात एक निवडणूक चिन्ह होता! १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी संघटना उभी केली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, इतकं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. काळी जाकिटं, बंदुका, कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर. त्याच्याही मागे काही असेल हे कधी मनातच आलं नाही. मग हसन क्वामे जेफ्रीज या इतिहासकाराचं ‘ब्लडी लाउन्ड्स’ हे २००९ सालचं पुस्तक हाती पडलं. हा पँथर जन्मला अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या कापसाच्या शेतांत, आणि त्याला जन्माला घातलं ते मतदारयादीत नाव लागावं म्हणून जिवावर उदार झालेल्या शेतमजुरांनी!

लाउन्ड्स ही काउंटी, म्हणजे कारभाराच्या दृष्टीनं जिल्हा, पण वस्ती तेव्हा जेमतेम पंधरा हजार. त्यातले दहातले आठ जण काळे. मतदानाच्या वयाची काळी माणसं पाच हजारांवर, आणि १९६५ सालच्या सुरुवातीला यादीत त्यांची नावं किती? शून्य. एकही नाही! गोऱ्यांची नोंदणी मात्र ११८ टक्के. हा आकडा मी दोनदा वाचला. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावंसुद्धा यादीत सुखेनैव नांदत होती, आणि जिवंत माणूस दारात उभा राहिला की त्याच्यापुढे वाचनाची परीक्षा ठेवली जायची. परीक्षा घेणारा गोरा, पास-नापास ठरवणाराही तोच.

१ मार्च १९६५ रोजी लाउन्ड्सच्याच जॉन ह्यूलेट यांच्यासोबत ३९ माणसं हेनव्हिल या काउंटीच्या मुख्य गावी कोर्टाच्या इमारतीत गेली. त्या दिवशी एकाचंही नाव लागलं नाही. दोन आठवड्यांनी परत गेली, तेव्हा दोघांची लागली, आणि त्यांतले एक ह्यूलेट. याच महिन्यात सेल्मा ते माँटगोमेरी हा मतदानाच्या हक्कासाठीचा गाजलेला मोर्चा ८० नंबरच्या हमरस्त्यानं लाउन्ड्समधून गेला. मोर्च्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण मला थरारून सोडलं ते त्या गर्दीतल्या एका तरुणानं. ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेचा स्टोकली कारमायकेल, वय तेवीस. रस्त्याकडेला मोर्चा बघायला आलेल्या स्थानिक माणसांची नावं-पत्ते तो टिपून घेत होता. मोर्चा पुढे गेला, कॅमेरे गेले, आणि हा त्या पत्त्यांवर परत आला.

ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला, केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी आले, रांगा लागल्या. मग जमीनमालकांनी सूड उगवला. नाव नोंदवलंस? मग घर खाली कर. पिढ्यानपिढ्या वाट्यानं शेत कसणारी कुटुंबं पोराबाळांसकट बाहेर काढली गेली. डिसेंबरात हमरस्त्यालगतच्या एका जागेवर त्यांच्यासाठी राहुट्या ठोकल्या. रात्री-अपरात्री तिथे गोळ्या झाडल्या जायच्या. तरी काही कुटुंबं तिथेच तग धरून राहिली. मतदार होण्याची एवढी किंमत मोजलेली माणसं मी याआधी इतक्या जवळून पाहिली नव्हती.

नाव लागलं, पण मत द्यायचं कुणाला? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्यावर ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ असं उघड घोषवाक्य! उमेदवारी अर्जाचं शुल्कही पक्षानं ५० डॉलरवरून एकदम ५०० केलं. इथे येतात जॅक मिनिस, स्निकचे संशोधनप्रमुख. त्यांनी अलाबामाचे कायदे चाळून काढले आणि त्यात एक तरतूद सापडली. पक्ष एका काउंटीपुरताही काढता येतो. प्रस्थापित पक्षाची प्राथमिक, म्हणजे उमेदवार ठरवणारी, निवडणूक असेल त्याच दिवशी मेळावा भरवून उमेदवार निवडायचे, आणि नोव्हेंबरात २० टक्के मतं पडली की पक्षाला मान्यता! मला तर ते पान वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिथून उभी राहिली लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन, ह्यूलेट तिचे अध्यक्ष.

पक्षाला चिन्ह असणं बंधनकारक होतं, कारण कित्येक मतदारांना अक्षरओळख नव्हती. हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नकोच. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतही बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती होताच की! इकडे स्निकच्या रूथ हॉवर्ड यांनी आधी कबुतर सुचवलं. ते फार मवाळ वाटलं. मग अटलांटातल्या क्लार्क कॉलेजचा पँथर त्यांना आठवला, त्यावरून चित्र झालं. ह्यूलेट लोकांना त्याचा अर्थ सांगत: हा प्राणी आपण होऊन अंगावर येत नाही, मागे मागे सरकतो, पण कोपऱ्यात कोंडलात तर झेप घेतो.

याहूनही मी प्रेमात पडलेय ती या पक्षाच्या चित्रपुस्तिकांच्या. शेरीफ काय करतो? कर ठरवणारा अधिकारी काय करतो? शाळा मंडळ कशासाठी? जेनिफर लॉसन यांनी काढलेल्या साध्या, ठसठशीत चित्रांतून एकेका पदाचं काम असं समजावलेलं, की बघणाऱ्याला वाटावं, हे तर मीही करू शकतो! आणि शेरीफचं महत्त्व तिथल्या माणसाला चित्राशिवायही कळत होतं. ऑगस्ट १९६५ मध्ये हेनव्हिलमध्येच जोनाथन डॅनियल्स या गोऱ्या कार्यकर्त्याला भर दिवसा गोळी घातली गेली. मारणारा विशेष शेरीफ-सहायक होता, आणि गोऱ्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.

३ मे १९६६ रोजी मेळावा झाला, शेकडो माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. नोव्हेंबरात मात्र सातही उमेदवार पडले. काळ्या मतदारांची संख्या तोवर अडीच हजारांवर गेली होती, पण मळेवाल्यांनी आपल्या मजुरांना गाड्यांत घालून आणलं आणि गोऱ्या उमेदवारांना मतं द्यायला लावली. मन खट्टू होतं वाचताना. पण २० टक्क्यांची अट त्यांनी सहज ओलांडली, पक्षाला मान्यता मिळाली, आणि १९७० साली लाउन्ड्सच्या शेरीफपदी कोण निवडून आलं? जॉन ह्यूलेट!

दरम्यान ते चित्र निघालं होतं प्रवासाला. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडमध्ये आपल्या पक्षासाठी लाउन्ड्सचाच पँथर उचलला, आणि सहा वर्षांत तो मुंबईत पोचला. जेफ्रीजचं पुस्तक मराठीत यायलाच हवं, आणि त्याच्या जोडीला लॉसनबाईंच्या त्या चित्रपुस्तिकाही. सरपंच काय करतो, ग्रामसेवक काय करतो, तहसीलदाराकडे काय मागायचं, अशा आपल्या पुस्तिका त्याच धर्तीवर काढणारा कुणी चित्रकार असेल तर मजकूर लिहायला मी आज बसते.