भोंगा नसलेली गिरणी

ज्यांचे बालपण सोलापुरात गेले त्यांस घड्याळाची गरज जरा उशिराच भासली. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, आणि हे शहर भोंग्यावर उठू लागले, भोंग्यावर जेवू लागले. आमच्या शाळकरी वयातही ते भोंगे वाजत होते. त्या काळी मॅनेजर म्हटला की तो गिरणीचा. बंगल्यात राहणारा, मोटारीतून येणारा पुरुष. त्याची मुले कोण सांभाळते, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्याचे आम्हांस स्मरत नाही. उत्तर बंगल्याच्या आत होते, आणि ते पगारपत्रकावर कोठेही लिहिलेले नव्हते.

गेल्या जूनमध्ये आमची कन्या पुण्यास एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर झाली. हाताखाली नऊ इंजिनिअर. पैकी तिघे बंगळुरास, एक अमेरिकेत. पूर्वी ती स्वतः प्रोग्रॅम लिहीत असे. आता लिहिणाऱ्यांस कामे लावून द्यावयाची, कोणाचे अडले तर वाट मोकळी करावयाची, आणि दर आठवड्यास प्रत्येकाशी निवांत बोलावयाचे. हे शेवटचे काम आम्हांस सर्वांत अवघड वाटते. तीस वर्षे इंग्रजी शिकवून आम्हांस ते नीटसे साधलेले नाही. तिचा मुलगा त्या वेळी चौदा महिन्यांचा होता.

वार्ता कळताच पेढे मागणाऱ्यांचे फोन आले, आणि बहुतेक प्रत्येकाने त्याच श्वासात विचारले, "मग वहिनी पुण्याला कधी जाणार?" आमची पत्नी एका शाळेत गणित शिकविते, तिच्या नोकरीची चार वर्षे उरली आहेत. तिने स्वेच्छानिवृत्ती घ्यावी हे आप्तेष्टांनी परस्पर ठरवून टाकले होते. विहीणबाई सांगलीस असतात आणि त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. म्हणून ही पाळी इकडे आली. आम्ही कधी जाणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

पुण्याच्या संगणक-व्यवसायाचे भांडवल कोणी पुरविले याचा हिशेब मांडताना अर्थशास्त्रज्ञ एक रक्कम नेहमी गाळतात, असे आमचे मत आहे. ती रक्कम सोलापूर-लातूर-कोल्हापूरच्या आज्यांची होय. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन पाहावे: पायाशी बॅग, पिशवीत शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्या, आणि परतीचे तिकीट काढलेले नाही, अशा कितीतरी बाया दिसतील. हे आजचेच नव्हे. १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. सुधा मूर्ती यांनी त्यासाठी दिलेल्या दहा हजार रुपयांची कथा सर्वांस ठाऊक आहे. पण १९८० साली जन्मलेली त्यांची कन्या त्या सुरुवातीच्या काळात हुबळीस आजीआजोबांपाशी वाढत होती, ही गोष्ट त्या मानाने थोडे लोक सांगतात. आमच्या लेखी ते पाठबळ दहा हजारांहून मोठे होते.

ज्यांच्यापाशी अशी आजी नव्हती त्यांचे काय होई? मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या कित्येक आयांनी तान्ह्या मुलांस अफूची गोळी देऊन निजविले आहे. ही दंतकथा नव्हे. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न ठरविला होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघर आवश्यक केले, पण ५० हून अधिक स्त्रिया कामास असतील तेथेच. पुढे ही संख्या ३० झाली. ४९ वर स्त्रिया मोजणे थांबविणारा मालक डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि पाळणाघरासाठी ५० कर्मचारी मोजले, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया. मोजणीतला एवढासा बदल, पण आमच्या मते रजेच्या आठवड्यांहून तोच मोलाचा. तरी दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याची मुभा कायद्याने आईलाच दिली. बापास मोजले खरे, पण बोलावले नाही.

आणि घरून काम? २०२० च्या साथीत या शब्दांचे सर्वत्र केवढे नवल झाले! आमच्या पूर्वभागातील विडी वळणाऱ्या बायकांनी ते पिढ्यान्पिढ्या केले आहे. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पाने, शेजारी झोळीत मूल, आणि हजार विड्यांचा आकडा पुरा होईपर्यंत उसंत नाही. १९६६ च्या विडी-कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही प्रसूती-लाभ देऊ केला, हे त्या कायद्याचे भूषण होय. पण घर आणि कारखाना एकच झाले म्हणजे मूल कारखान्यात वाढते. लॅपटॉपला तंबाखूची धूळ नसते, एवढाच फरक.

गिरणी सुटल्याचा भोंगा होत असे. आमच्या कन्येच्या गिरणीस तो नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. म्हणजे नेमकी मुलाला वरणभात भरविण्याची वेळ. तिकडचा दिवस उजाडतो तो इकडच्या बाळाच्या झोपेवर.

आमच्या पत्नीने राजीनामा दिला नाही. "तिने उभे राहावे म्हणून मी बसायचे, हे कुठले गणित?" असे ती म्हणाली, आणि कन्येने फोनवरून ताबडतोब तिचीच बाजू घेतली. कंपनीने शेजारच्या इमारतीत पाळणाघराची सोय केली आहे. मूल तेथे जाऊ लागले. पहिले आठ दिवस ते रडले. कन्या कॅमेरा बंद ठेवून मीटिंगमध्ये बसली, हे तिने आईस सांगितले, आम्हांस नाही. जावईबापू सकाळी पोहोचवितात, ती सायंकाळी आणते. कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात तिने आपल्या माणसांस कळविले की सायंकाळी साडेसहा ते साडेआठ आपण भेटणार नाही, नऊनंतर विचारावे. वरिष्ठांपैकी एकाने सुचविले की नव्या मॅनेजरने आरंभीच असे करू नये, लोकांवर निराळा परिणाम होतो. परिणाम खरोखरच झाला: महिन्याभरात तिच्या हाताखालील दोघा तरुण बापांनी आपापल्या कॅलेंडरवर त्याच दोन तासांवर रेघ मारली. मॅनेजर काय सांगतो यापेक्षा किती वाजता उठून जातो, हे हाताखालचे लोक अधिक बारकाईने पाहतात. गिरणीतही तसेच असावे.

पत्नी दिवाळीच्या सुटीत जाऊन आली. एरवी महिन्यातून दोनदा शनिवारी आम्ही जातो. मऊ भात करण्यास शिकलो आहो आणि शी-शू काढण्याविषयी आमची ख्याती विहीणबाईंपर्यंत पोहोचली आहे. या आठवड्यात मुलास ताप आहे. ताप असलेले मूल पाळणाघर घेत नाही, ते योग्यच. जावई दौऱ्यावर आहेत आणि कन्येस उद्या नऊही जणांच्या वर्षभराच्या कामाचा अहवाल मांडावयाचा आहे. तेव्हा उद्याच्या हुतात्म्याने आम्ही निघतो. प्रथम वर्षाचे दोन तास आमच्या एका तरुण सहकाऱ्याने घेण्याचे कबूल केले आहे. त्याची बदली म्हणून पुढल्या गुरुवारी त्याच्या मुलीच्या शाळेच्या सभेच्या वेळी त्याचा तास आम्ही घ्यावयाचा आहे.