फ्रँकीची ब्लेड

रात्रीचे दोन वाजलेत. झोप येईना म्हणून हेडफोन लावून फ्रँकी नकल्सचं ‘युवर लव्ह’ ऐकत बसलोय. सुरुवातीची ती सिंथेसायझरची सुरावट पायऱ्या चढत-उतरत राहते आणि माझ्या पोटात अजूनही कालवाकालव होते.

फ्रँकी 1977 साली न्यू यॉर्कहून शिकागोला आला, ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये रेकॉर्डी वाजवायला. तिथं येणारी बहुतेक मंडळी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी तरुण पुष्कळ. एरवी जग त्यांना झिडकारायचं. इथं ती सकाळपर्यंत नाचायची. 1979 मध्ये त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या रागापोटी त्याच्या रेकॉर्डी स्फोटकं लावून उडवल्या गेल्या. नव्या डिस्को रेकॉर्डी आटत चालल्या. मग फ्रँकीने करायचं काय?

जुनंच गाणं टेपवर घ्यायचं. ब्लेडने टेप कापायची, हवा तो तुकडा चिकटपट्टीने पुन्हा जोडायचा. नुसता ताल लांबवत न्यायचा, आणि लोक आसुसले की मगच गाणारीचा आवाज सोडायचा. किती धीर लागत असेल याला! मी संगणकावर हेच चुटकीसरशी करतो आणि तरी कंटाळतो.

अशा नाचाच्या संगीताला ‘हाउस’ हे नाव त्या वेअरहाउसवरूनच पडलं, असं मानतात. पुढे 1998 मध्ये फ्रँकीला रीमिक्ससाठी ग्रॅमी मिळालं. मला मोठी वाटते ती ब्लेडच.

31 मार्च 2014 रोजी तो गेला. ‘युवर लव्ह’ ऐकलं नसेल, तर आज ऐका. फोनच्या स्पीकरवर मात्र नको.