पहिली वेलांटी

‘दिवस’ हा शब्द आपण किती सहज वाचतो! पण जरा थांबून पाहा. बोलताना आधी ‘द’ आणि मग ‘इ’. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते, ‘द’ मागाहून. आमचा धाकटा चौथीत गेला तरी ही वेलांटी काही त्याला वश होईना. ‘दिवस’चे ‘दवीस’ व्हायचे. घ आणि ध, भ आणि म तर त्याच्या लेखी जुळी भावंडे. जोडाक्षर दिसले की स्वारीला तहान लागायची, नाहीतर पोटात दुखायचे.

हाच मुलगा आजीने रात्री सांगितलेली गोष्ट सकाळी एकही पात्र न गाळता सांगे, वाण्याचा हिशेब तोंडी करी. म्हणूनच की काय, प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘हुशार आहे, पण आळशी.’ मी स्वतः अर्धवेळ शिकवते. वह्यांच्या ढिगापुढे बसल्यावर शेऱ्याचा फार विचार करायला सवड नसते, हे मी जाणते. तरी तो शब्द झोंबला. आळशी मूल एका पानासाठी दीड दीड तास घाम गाळत बसेल का हो?

आधी डोळे आणि कान तपासून घेतले. दोन्ही ठणठणीत. मग मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यंक काढला, विशेष शिक्षिकेने वाचन, लेखन, गणित वेगवेगळे पाहिले. मूल आठ वर्षांचे होण्याआधी सहसा पक्के निदान करीत नाहीत, कारण लहानपणी अक्षरे उलटसुलट होणे स्वाभाविकच असते. उत्तर आले, अध्ययन अक्षमता. त्यातला डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड सहजी बसत नाही. यावर गोळी-औषध नाही, शिकवण्याची रीत बदलायची.

त्या बाईंनी विचारले, “घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?” हे पुष्कळदा घराण्यात चालत येते म्हणे. मी माहेरची माणसे आठवू लागले. तेवढ्यात हे खाली बघत म्हणाले, “मला.”

लग्नाला चौदा वर्षे झाली. बँकेचा कागद आला की, “तुझं अक्षर छान, तूच भर,” असे म्हणायचे आणि मला ते आवडायचेही! शाळेत खाल्लेल्या छड्या, धडेच्या धडे पाठ करून ओलांडलेली दहावी, हे सगळे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले.

आणि तरीही प्रमाणपत्राला विरोध यांचाच. “एकदा शिक्का बसला की पुसत नाही.” मी सांगून पाहिले, 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत, त्यात हाही आहे. मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र असले की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. शिक्क्याचे म्हणाल तर ‘आळशी’ हा शिक्का बसलाच आहे की! पण हे गप्प. शेवटी सासूबाई बोलल्या, “तुला कुणी असा कागद दिला असता, तर मास्तरांचा मार तरी वाचला असता रे.” दुसऱ्या आठवड्यात हे रजा टाकून रुग्णालयाच्या रांगेत उभे राहिले.

घरी आम्ही ताटात बारीक रवा पसरतो. त्यात बोटाने अक्षर गिरवायचे आणि गिरवता गिरवता मोठ्याने म्हणायचे. डोळा, कान, हात तिन्ही कामाला लागतात. सासूबाईंना याचे मुळीच नवल नाही. “धूळपाटीच की ही!” म्हणाल्या. (रव्याचा डबा निराळा ठेवला आहे, आमच्याकडचा उपमा निःशंक खावा.) वाचताना ओळीखाली पट्टी. एका वेळी पंधराच मिनिटे, पण रोज. इतिहास-भूगोल मी वाचून दाखवते, उत्तरे तो तोंडी देतो.

2007 साली ‘तारे जमीं पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला, हे उपकारच. पण तेव्हापासून प्रत्येक पाहुणा विचारतो, “मग चित्रं सुरेख काढत असेल ना?” आमच्या चिरंजीवांचा हत्ती बटाट्यासारखा दिसतो. अंगात एखादी कला असल्याशिवाय अडखळत वाचणे माफ नाही की काय?

आता तो पाचवीत आहे. ‘दिवस’ जमतो, ‘शिक्षिका’ अजून दमवते. प्रमाणपत्राच्या एक-दोन फेऱ्या बाकी आहेत. नव्या वर्गशिक्षिकांनी मात्र वर्गात वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगून ठेवायचे कबूल केले आहे, तेवढ्याने त्याची सकाळची पोटदुखी थांबली. रात्री बापलेक वर्तमानपत्र घेऊन बसतात. मथळा एकाने वाचायचा, दुसऱ्याने तपासायचा. काल ‘प्राधिकरण’पाशी दोघेही अडले आणि दोघांनी मिळून स्वयंपाकघरात मला हाक मारली.