गाळ सुकायच्या आत

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ओसरलं तेव्हा आमचा तळमजला गाळाने भरला होता. माझा घरगुती मसाल्याचा धंदा, सगळी भिस्त मिक्सरवर. तो चिखलातून उपसला तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाळव आणि लावून बघ." वरच्या गावाहून माझा मामेभाऊ आला. तो वायरमन. म्हणाला, "ताई, काहीही प्लगला लावायचं नाही. गाळ सुकायच्या आत धुवायचं."

ओल्या गाळातून वीज वाहिली की सर्किटवरच्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात. म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी आणि रिमोटचे सेल त्याने आधी काढले. टीव्ही उघडून मोठ्या कॅपॅसिटरमधली वीज उतरवली. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यात सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मायक्रोवेव्हला तर त्याने मला हातही लावू दिला नाही. त्यातला धक्का जीव घेऊ शकतो.

नळ कोरडे होते, पण पागोळ्यांखालची पिंपं भरली होती. पावसाच्या पाण्यात क्षार अगदी थोडे, त्यामुळे ते या कामाला उत्तम. जुन्या टूथब्रशने आम्ही इन्व्हर्टरचा बोर्ड धुतला, मग त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं. ते फटींत अडकलेलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. मिक्सरची मोटरही धुऊन घेतली. जुलैत कोकणात ऊन कुठलं? मामाकडे वीज होती. तिथे खोक्यात पिवळा बल्ब लावून सगळं वाळत ठेवलं. मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) मोटरच्या वाइंडिंगचं रीडिंग जोवर एक मेगओहमच्या खाली होतं, तोवर त्याने ती चालवली नाही. पुढे ते चढलं, तेव्हा सिरीजमध्ये बल्ब जोडून मिक्सर लावला; आत शॉर्ट असता तर बल्बच भक्कन पेटला असता.

टीव्ही गेला. पॅनेलच्या थरांत शिरलेलं पाणी निघत नाही.

रस्त्यावरचे मिक्सर, पंखे, वॉशिंग मशीन यांचे ढीग आठवून मात्र आजही हळहळ वाटते. त्यांतलं कितीतरी वाचलं असतं. मदतीच्या ट्रकांतून ब्लँकेटं आली, धान्य आलं, त्याचं मोल मोठंच आहे. त्यांच्याबरोबर मेगर घेतलेला एकेक वायरमन आळीआळीत यायला हवा होता.

मिक्सरला कार्बन ब्रश आणि स्विच नवे घातले. गणपतीच्या ऑर्डरी त्याच्यावरच निघाल्या.