दुपटं

मागच्या हिवाळ्यात मला लेक झाली. अमरावतीच्या डफरीनमधून तिला बडनेऱ्याला घरी आणलं, तेव्हा मी रातपाळी करून आलेलो. केसांत कापसाचा तूस. आठ तास मी सूत काढतो, पण लेकीला गुंडाळायला घरात नवं दुपटं नव्हतं. गिरणीनं पगार थकवला होता.

अकोल्याहून आजी आली. तिनं पिशवीतून एक पांढरं लुगडं काढलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं.

"तुह्या पणजीचं हाय. हेच नेसून ते नागपूरले गेलती, दीक्षेले."

म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६. मी म्हणालो, "आजी, फाडू नको. जपून ठेवू."

"पेटीत ठेवून काय करतं? आमच्या आज्याच्या वक्ती मढ्यावरचं कापड महाराच्या वाट्याले ये. त्यातच लेकरं गुंडायत. हे आपल्या पैशाचं हाय, बाप्पा."

मी गप्प झालो. तिरडीवरचं कापड हा गावानं आम्हाला दिलेला 'हक्क' होता. जन्मणाऱ्याच्या अंगावर मेलेल्याचं कापड. हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझ्याच घरातलं म्हणून आज पहिल्यांदा ऐकलं.

आजीनं लुगडं टर्रकन फाडलं. तुकडा तिरपा अंथरला, वरचं टोक दुमडलं, लेकीला ठेवलं, पाय ताणून सरळ केले आणि गच्च आवळलं.

सातव्या दिवशी आशाताई आली. म्हणाली, "आजी, पाय बांधू नका. खुब्याचा सांधा निखळते. पाय पोटाशी घेता आले पाहिजेत. छातीशीही सैल ठेवा. पाठीवरच निजवा. कूस वळायला लागली की गुंडाळणं बंद."

"आम्ही लेकरं वाढवली नाही काय?" आजी चिडली.

आशाताई चिडली नाही. गडचिरोलीत बंग डॉक्टर नवरा-बायकोनं गावच्याच बायांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, बाळं मरायची कमी झाली, १९९९ साली ते जगापुढं आलं, हे तिनं सांगितलं. २०११ पासून आशा त्यासाठीच घरोघर येतात. म्हणाली, "ऊब द्या, पण जखडू नका."

आजी थोडा वेळ बसून राहिली. मग तिनंच गाठ सोडली. लेकीनं पाय पोटाशी घेतले आणि झाडले.

"झाड माय, झाड," आजी म्हणाली. "आमचे लय दिवस बांधलेले होते."

उरलेलं अर्धं लुगडं तिनं घडी करून पेटीत ठेवलं. पुढच्या लेकरासाठी.

मी डबा घेतला अन् रातपाळीला निघालो.