सावलीने मोजलेला माड

रत्नागिरीजवळ आमचं घर आहे. घराच्या बाजूला एक जुना माड होता. फाल्गुनात त्याच्या खोडाला भोकं दिसायला लागली आणि त्यातून तांबूस चिकट पाणी गळू लागलं. सोंड्या भुंगा लागला होता. औषधं करून पाहिली, पण शेंडा मलूल होत गेला. पावसाळ्यात वाऱ्याने पडण्यापेक्षा आधीच तोडलेला बरा, असं ठरलं.

नारळ पाडणारा पाडेली येऊन बघून गेला. पश्चिमेला मोकळं होतं, पण वरून घराकडे येणारी विजेची तार होती. पूर्वेला गोठा. उत्तरेला घर. राहिली दक्षिण. तिकडे बुंध्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत 54 फूट जागा होती. पाडेली म्हणाला, "दादा, माड पन्नासच्या आत असेल तर अख्खा पाडू. जास्त असेल तर वर चढून तुकडे करायला लागतील. त्याचा वेळ वेगळा, मजुरी वेगळी." शिवाय भुंग्याने पोखरलेल्या माडावर चढायला तो राजी नव्हता. चढायचंच झालं तर शेजारच्या माडाला दोर बांधून, जपून.

माडाची उंची कुणालाच ठाऊक नव्हती. कुणी चाळीस म्हणे, कुणी साठ. भाची दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "मामा, समरूप त्रिकोण. सावली मोजू या." शेजारचे निवृत्त गुरुजी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, भास्कराचार्यांच्या लीलावतीत सावलीचा हिशेब आहेच, तिथे बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी खुंटी, घेतात. आम्ही शंकूच्या जागी पाच फुटांची सरळ काठी घेतली.

सकाळी नऊच्या सुमारास सुरुवात केली. चैत्र संपत आला होता, त्यामुळे सावली जवळजवळ सरळ पश्चिमेला पडत होती. काठी सपाट अंगणात ओळंबा लावून उभी केली. पहिली अडचण लगेच कळली. त्या वेळी माडाच्या सावलीचं टोक मिनिटाला सुमारे अर्धा फूट सरकतं. टेप धरून चालत जाईपर्यंत माप बदलतं. म्हणून भाची काठीजवळ आणि मी माडाच्या सावलीच्या टोकाशी उभा राहिलो. तिने हाक दिली की दोघांनी एकदमच खुंटी ठोकायची. मोजायचं नंतर, निवांत.

दुसरी अडचण टोकाची. झावळीच्या टोकाची सावली एवढ्या लांब येईपर्यंत फिकट होते. नेमकी कुठे संपते ते सांगता येत नाही. आम्ही फिकट पट्ट्याचा मध्य धरला.

पाच फुटांच्या काठीची सावली सहा फूट तीन इंच भरली. म्हणजे एक फूट सावलीला 0.8 फूट उंची. माडाची सावली बुंध्यापासून 70 फूट. उंची आली 56 फूट. म्हणजे शेंडा विहिरीवर.

खात्री करायला दुपारी चारच्या सुमारास पुन्हा मोजलं. काठीची सावली तेवढीच, सहा फूट तीन इंच. माडाची सावली आता पूर्वेला होती आणि गोठ्याच्या भिंतीवर चढली होती. हे सोपं निघालं. भिंतीपर्यंतच्या जमिनीवरच्या सावलीला 0.8 ने गुणायचं आणि भिंतीवर ती जेवढी चढली असेल तेवढी उंची जशीच्या तशी मिळवायची. जमिनीवर 50 फूट, त्याचे 40. भिंतीवर साडेसहा. एकूण साडेसेहेचाळीस.

सकाळी 56 आणि संध्याकाळी साडेसेहेचाळीस. भाचीचा चेहरा पडला. माझाही सावलीवरचा विश्वास उडायला आला होता. तेवढ्यात पाडेली आला. त्याने लांब उभं राहून माडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, माड कललाय ना पश्चिमेला."

रोज बघून बघून ते आमच्या डोळ्यांत शिरलंच नव्हतं. बाजूला उभं राहून डोळ्यासमोर ओळंबा धरला. शेंडा बुंध्यापासून साधारण सहा फूट पश्चिमेला होता. सावली मोजायची ती शेंड्याच्या बरोबर खालच्या जागेपासून, बुंध्यापासून नव्हे. सकाळी सावली कलाच्याच बाजूला पडली, तेव्हा सहा फूट जास्त भरली. संध्याकाळी उलट्या बाजूला, तेव्हा सहा फूट कमी. काठीची सावली दोन्ही वेळा सारखीच होती, म्हणून दोन्ही उत्तरांची सरासरी काढली की कल आपोआप वजा होतो. सरासरी आली सव्वाएकावन्न.

54 फुटांत 51 चा माड बसतो, पण तीन फुटांच्या भरवशावर कुणी विहीर पणाला लावत नाही. पाडेलीने शेजारच्या माडाला दोर बांधून आधी शेंडा उतरवला आणि मग खोड दक्षिणेला पाडलं. खोड कठड्याच्या बरंच अलीकडे पडलं. शेंडा आणि खोड मिळून टेपने मोजलं तर बावन्न फुटांच्या आसपास भरलं. मजुरी जास्त गेली, त्याचं वाईट वाटलं नाही.

कुणाला असं मोजायचं असेल तर भर दुपारी मोजू नका. सावली आखूड असते आणि इंचभर चुकलं तरी उंचीत मोठा फरक पडतो. आमच्याकडे तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच उरत नाही. जमीन उताराची असेल तर सावली सपाट जागेवर पडेल ती वेळ शोधा. आभाळ असेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात शेंडा दिसेपर्यंत मागे सरका. आरशापासून झाडापर्यंतच्या अंतराला तुमच्या डोळ्यांच्या उंचीने गुणा आणि तुमच्यापासून आरशापर्यंतच्या अंतराने भागा. आणि माड असेल तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजाच. सरळ दिसणारे माडही बहुधा कललेले असतात.